आईचा मार्कर वाढला, आता पुढे काय?

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: आईचं वय ५६. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो आणि रेडिएशन. आता रोज लेट्रोझोल ही हार्मोन रोखणारी गोळी. गेल्या वर्षी सांगलीत सीए १५-३ ही कॅन्सरच्या ‘मार्कर’ची रक्ताची तपासणी केली तेव्हा आकडा २२ होता. या महिन्यात त्या पुण्याला मुलाकडे गेल्या असताना हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये तीच तपासणी झाली. आकडा आला ३७, आणि शेजारी ठळक अक्षरात ‘हाय’. तेव्हापासून आईचं जेवणात लक्ष नाही, रात्रीची झोप नाही. आजार परतला का? लिक्विड बायोप्सी करावी का? पुढे काय होणार हे सांगणारी रक्ताची खात्रीची तपासणी कोणती? पत्राच्या ओघात ताईंनी आणखीही काही लिहिलंय. सांधे फार दुखतात म्हणून आईंनी मध्ये दोन महिने गोळी बंद ठेवली होती. केस विरळ झाले म्हणून त्या केसांच्या गोळ्या घेतात, शिवाय कुणीतरी सांगितल्या म्हणून हळदीच्या कॅप्सूल. आणि आईंची सख्खी धाकटी बहीण ४१ व्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली.

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मग. ३७ या एका आकड्यावरून आजार परतला असं म्हणता येत नाही. हे आईंना आज संध्याकाळीच सांगा आणि शेजारी बसून त्यांना जेवू घाला. बाकीचं सवडीने वाचलंत तरी चालेल, पण वाचा नक्की. घरातल्या सगळ्यांची नजर पत्रातल्या ज्या ओळीवर खिळलीय, तिच्यापेक्षा मोलाच्या दोन ओळी तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात.

सीए १५-३ म्हणजे नेमकं काय मोजतात ते पाहू. स्तनातल्या आणि शरीरातल्या इतरही अनेक अवयवांतल्या पेशींच्या अंगावर म्यूक-१ नावाचं एक प्रथिन असतं. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी ते जास्त प्रमाणात तयार करतात आणि त्याचे तुकडे गळून रक्तात येतात. त्या तुकड्यांचं मोजमाप म्हणजे हा आकडा. म्हणजे हे काही कॅन्सरच्याच पेशीत सापडणारं प्रथिन नाही. तुमच्या रक्तात आहे, माझ्याही रक्तात आहे. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असताना बहुतेक स्त्रियांचा हा आकडा नॉर्मलच येतो. आजार हाडांत, यकृतात, फुप्फुसांत पसरलेला असतो तेव्हा दहापैकी साधारण सातजणींमध्ये तो वाढलेला दिसतो. उरलेल्या तिघींमध्ये आजार पसरूनही आकडा जागचा हलत नाही. याचसाठी कॅन्सर शोधायला किंवा आजार कितव्या स्टेजला आहे हे ठरवायला ही तपासणी वापरत नाहीत. उपचार पूर्ण झालेल्या, कसलाही त्रास नसलेल्या बाईची ती नेमाने करू नये, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शक नियमही सांगतात.

आता तुमच्या दोन रिपोर्टांकडे या. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत एका रिपोर्टवर वरची मर्यादा २५ छापलीय, दुसऱ्यावर ३१ च्या आसपास. याचा अर्थ दोन्ही ठिकाणची यंत्रं वेगळी, किट वेगळं. एकाच बाईचं, एकाच दिवशी काढलेलं रक्त दोन लॅबमध्ये पाठवलं तरी या तपासणीचे आकडे वेगवेगळे येऊ शकतात. सांगलीचा २२ आणि पुण्याचा ३७ शेजारी ठेवून ‘पंधराने वाढला’ असं म्हणणं म्हणजे एका बाजारसमितीच्या काट्यावरचं आणि दुसऱ्या अड्ड्यावरच्या काट्यावरचं वजन वजा करून हळद वाळल्याने किती घटली ते काढण्यासारखं आहे. तुलना करायची तर लॅब एकच हवी.

दुसरं, कॅन्सर सोडूनही हा आकडा वाढवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. यकृताचे आजार, स्तनातल्या साध्या गाठी आणि आपल्याकडे फार विचारात न घेतली जाणारी एक गोष्ट, बी-१२ ची कमतरता. काही वर्षांपूर्वी कवठेमहांकाळ भागातल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. माळकरी घर, मांसाहार नाही, दुधाचं प्रमाणही बेताचंच. ऑपरेशनला तीन वर्षं झालेली. मार्कर वाढला म्हणून बाहेर कुणीतरी पेट स्कॅन करायला सांगितलेला, आणि त्यासाठी घरच्यांनी दागिना गहाण ठेवायची तयारी केलेली. मी हिमोग्लोबिनचा कागद पाहिला. रक्त कमी होतं आणि लाल पेशींचा आकार मोठा होता. बी-१२ तपासलं, ते फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू केली. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये मार्कर केला तर तो मर्यादेच्या आत. स्कॅन लागला नाही, दागिना घरात राहिला. बी-१२ च्या तीव्र कमतरतेत सीए १५-३ वाढतं हे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे, पण घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. आईंच्या रक्ताच्या साध्या तपासणीत ‘एमसीव्ही’ असं लिहिलेला (लाल पेशींच्या आकाराचा) आकडा १०० च्या पुढे असेल तर ही शक्यता आधी तपासून घ्या.

केसांच्या गोळ्यांचंही सांगतो. त्यांत बहुधा बायोटिन असतं, आणि मोठ्या मात्रेत असतं. रक्ताची अनेक यंत्रं तपासणीच्या रसायनातच बायोटिनचा उपयोग करून घेतात, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की आकडा चुकतो. ट्यूमर मार्करच्या बाबतीत तो खोटा कमी येण्याचा धोका असतो, थायरॉइडच्या काही तपासण्यांत उलटंही होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. पुढच्या तपासणीआधी निदान तीन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि रक्त देताना लॅबमध्ये तसं सांगा.

हळदीबद्दल सांगलीच्या माणसाला काही सांगायचं म्हणजे जरा धाडसच, पण सांगतो. भाजीतली हळद, दुधातली हळद खुशाल खा. कॅप्सूल मात्र वेगळी. त्यात कर्क्युमिन काढून, दाटवून घातलेलं असतं, वर ते अंगी जास्त लागावं म्हणून मिऱ्याचा अर्क. अशा कॅप्सूलनी काही लोकांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. यकृत बिघडलं की मार्कर वाढू शकतो, आणि मग मूळ कारण कॅप्सूल असताना आपण कॅन्सर शोधत बसतो. आईंची यकृताची तपासणी करून घ्या आणि कॅप्सूल आजपासून बंद करा.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, आकडा खोटा वाढू शकतो एवढंच मला सांगायचंय. तसं नाही. मला जास्त भीती नॉर्मल आकड्याची वाटते. वाळवा तालुक्यातल्या एक शिक्षिका दर तीन महिन्यांनी स्वतःहून मार्कर करायच्या. दर वेळी नॉर्मल. त्यांना कंबरदुखी सुरू झाली. त्यांनी मार्कर केला, नॉर्मल आला, निर्धास्त झाल्या. मलम, शेक, पट्टा यांत तीन महिने गेले. माझ्याकडे आल्या तेव्हा पायांत मुंग्या होत्या, आणि एमआरआयमध्ये मणक्यात आजार उतरलेला दिसला. त्यांचा कॅन्सर मार्कर न वाढवणाऱ्यांपैकी होता. पहिल्या भेटीत मीच त्यांना बजावायला हवं होतं की तुमच्या आकड्यापेक्षा तुमचं दुखणं मला आधी कळायला हवं. तेव्हापासून मी प्रत्येक बाईला हे वाक्य सांगतो, आणि ते ऐकल्याशिवाय तिला खुर्चीवरून उठू देत नाही.

‘पण डॉक्टर, लवकर कळलं तर बरं नाही का?’ हा प्रश्न रास्त आहे. मार्कर काही वेळा लक्षणांच्या आधी काही महिने वाढतो, हे खरं. पण त्या काही महिन्यांनी आयुष्य वाढतं का? इटलीत या प्रश्नावर दोन मोठे अभ्यास झाले आणि दोन्ही १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. मिळून अडीच हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. निम्म्या स्त्रियांच्या ठरावीक अंतराने हाडांचे स्कॅन आणि छातीचे एक्स-रे होत राहिले; एका अभ्यासात जोडीला यकृताची सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्याही. उरलेल्यांची डॉक्टरांनी हाताने तपासणी केली, मॅमोग्राफी केली, बाकी तपासण्या त्रास झाला तरच. पुढे किती जणी जगल्या यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. त्यानंतर औषधं खूप सुधारली, म्हणून हा प्रश्न नव्या तपासण्यांसह पुन्हा अभ्यासला जातोय आणि तो अभ्यासला जायलाच हवा. पण तुमच्या आईंच्या बाबतीत आज निर्णय घ्यायचा तर हाती असलेला पुरावा असा आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं मूळ: पुढे काय होणार हे सांगणारी रक्ताची तपासणी. अशा तपासण्यांची यादी मोठी आहे आणि दर महिन्याला तीत भर पडते. एक तर तुमच्या घरातच आहे. साध्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टवर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या दोन ओळी असतात. पहिलीला दुसरीने भागा. ७० आणि २० असतील तर उत्तर साडेतीन. हा भागाकार ज्या स्त्रियांत जास्त, त्यांची पुढची वाटचाल सरासरीने थोडी बिकट, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. एलडीएच, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन यांच्याबद्दलही असंच. मग आम्ही ते वापरून भाकीत का करत नाही? कारण सरासरी एक आणि माणूस एक. आपल्या जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढली की शिराळ्याचा पाऊस आणि जतचा पाऊस एकाच आकड्यात येऊन बसतो. तो आकडा जिल्ह्याबद्दल खोटा नसतो, पण त्यावर जतच्या शेतकऱ्याने भात लावला तर काय होईल? शिवाय हा भागाकार घसा सुजला तरी बदलतो, आणि केमोच्या आधी देतात त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने तर हमखास बदलतो. तुम्ही तो काढून पाहाल हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो: काढू नका.

लिक्विड बायोप्सीचं जरा नीट सांगायला हवं, कारण खर्च मोठा आहे आणि नाव भारदस्त आहे. या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी मोजणं. २००४ मध्ये एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं की आजार पसरलेल्या स्त्रियांच्या साडेसात मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा जास्त पेशी असतील तर त्यांचा आजार लवकर वाढतो. भाकीत म्हणून हे पक्कं निघालं. पुढे डॉक्टरांनी सरळ विचार केला: केमोची पहिली फेरी होऊनही पेशी कमी झाल्या नाहीत तर औषध लगेच बदलून पाहू. तसा नीट आखलेला अभ्यास झाला, २०१४ मध्ये निकाल आला. औषध लवकर बदलल्याने कुणाचं आयुष्य वाढलं नाही. ज्यांच्या पेशी कमी झाल्या नव्हत्या त्यांची अवस्था वाईटच राहिली, मग औषध कोणतंही द्या. मला हा निकाल वाचल्याचा दिवस आठवतो, कारण त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट कायमची बसली. पुढचं ओळखणारी तपासणी वेगळी आणि उपचार ठरवायला मदत करणारी तपासणी वेगळी. पहिलीने आपल्याला काळजी मिळते, दुसरीने वाट मिळते.

दुसरी गोष्ट म्हणजे रक्तात तरंगणारा कॅन्सरचा डीएनए. पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात आणि तास-दोन तासांत निम्मे नाहीसेही होतात, म्हणून हा आरसा ताजा असतो. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर पसरलेला असेल, गोळ्या चालू असूनही वाढत असेल, तर रक्तात ईएसआर-१ किंवा पीआयके-३-सीए या जनुकांतले बदल शोधतात. पीआयके-३-सीए मधला बदल अशा सुमारे ४० टक्के स्त्रियांत असतो. हे बदल सापडले तर त्यावर चालणारी औषधं आहेत: पीआयके-३-सीए साठी अल्पेलिसिब, जे २०१९ पासून अमेरिकेत वापरात आलं, आणि ईएसआर-१ साठी एलासेस्ट्रंट, जे २०२३ मध्ये आलं. इथे रक्त वाट दाखवतं. तरीही नमुना पाठवण्याआधी मी घरच्यांना एकच विचारतो: बदल सापडला तर ते औषध तुम्हाला मिळणार आहे का आणि झेपणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते पैसे उपचाराला ठेवा.

तुमच्या आईंचा आजार पसरल्याचं मात्र कुठे दिसलेलं नाही. अशा स्त्रियांत डीएनए तपासून आजार परतण्याआधी पकडायचा, हा विचार आकर्षक आहे. ट्रिपल निगेटिव्ह (ज्यावर हार्मोनची किंवा हर-टू प्रथिनाची खूण नसते अशा) कॅन्सरच्या स्त्रियांत ब्रिटनमध्ये तसा प्रयत्न झाला. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, डीएनए सापडला की स्कॅन करायचा आणि इम्युनोथेरपी द्यायची. उपचाराच्या गटात आलेल्यांचे स्कॅन केले तेव्हा ७२ टक्के स्त्रियांत आजार आधीच पसरलेला दिसला. ज्या थोड्या जणींना औषध दिलं, त्यांच्यापैकी कुणाच्याही रक्तातून तो डीएनए कायमचा गेला नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: आईंची लिक्विड बायोप्सी आज करू नका. पुढे एखाद्या अभ्यासात ‘सापडलं, अमुक औषध दिलं आणि आयुष्य वाढलं’ असं सिद्ध झालं तर मीच लिहीन.

मग पुढचं सांगतं कोण? ते तुमच्या घरातल्या कापडी पिशवीत आहे. ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. तुमच्या फोटोत तो आहे आणि मी तो दोनदा वाचला. गाठ २.८ सेंटिमीटर. काखेतल्या तपासलेल्या १६ गाठींपैकी (लसिका ग्रंथींपैकी) दोनांत आजार. ग्रेड दोन. ईआर आणि पीआर या हार्मोनच्या खुणा दोन्ही जोरदार पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. या चार ओळींत रक्ताच्या कुठल्याही मार्करपेक्षा जास्त भविष्य लिहिलेलं आहे. हार्मोनवर वाढणारा हा कॅन्सर संथ असतो आणि गोळीला मानतो, ही त्यातली चांगली बाजू. दुसरी बाजू तुम्हाला माहीत असायला हवी: तो उशिराही परतू शकतो. साठ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांनी पाच वर्षं हार्मोन रोखणारी गोळी घेऊन थांबवली होती. आईंएवढी गाठ आणि काखेतल्या एक ते तीन गाठींत आजार असलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के स्त्रियांत पुढच्या पंधरा वर्षांत, म्हणजे निदानापासून वीस वर्षांपर्यंत, आजार दूरच्या अवयवात परतला. बाकीच्या ७४ टक्क्यांत नाही. त्यांतल्या अनेकींचे उपचार जुन्या काळातले होते, आजचे आकडे त्याहून बरे असण्याची शक्यता आहे. मी हा आकडा घाबरवायला देत नाही. पाच वर्षांनी गोळी पुढे चालू ठेवायची का, हा विचार तेव्हा नीट करता यावा म्हणून देतोय.

(तो रिपोर्ट जपा. २०१९ च्या महापुरात सांगलीत किती फाईली पाण्यात गेल्या ते मी पाहिलंय. ओपीडीत बायका ओल्या, चिकटलेल्या कागदांचे गठ्ठे घेऊन यायच्या आणि अक्षर लागायचं नाही. रिपोर्टचे फोटो काढून दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. गाठीचा मेणातला ब्लॉक कोणत्या लॅबमध्ये आहे तेही लिहून ठेवा, तो पुढे कधीही कामाला येतो.)

आणि आता पत्रातली पहिली मोलाची ओळ. ‘सांधे दुखतात म्हणून दोन महिने गोळी बंद.’ ताई, आईंच्या भविष्यावर सगळ्यात जास्त ताबा आहे तो या गोळीचा. या जातीच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन ही याच कामाची जुनी गोळी घेतल्याने पंधरा वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्या त्याहूनही सरस ठरल्या आहेत. एवढं काम करणारी ही गोळी रोज घरातल्या डबीत असते म्हणून तिची किंमत वाटत नाही. मार्कर २२ चा ३७ झाला तर घर हादरतं, आणि गोळी दोन महिने बंद राहिली तर कुणाला पत्ता नसतो. दुखणं खोटं नाही. लेट्रोझोलने सांधे धरतात, सकाळी मूठ वळत नाही, जिना चढवत नाही. पण त्यावर उपाय आहेत. रोज अर्धा-पाऊण तास चालणं आणि हलके वजनाचे व्यायाम यांनी हे दुखणं कमी होतं, हे अभ्यासांत दिसलंय. नाही भागलं तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन आठवडे गोळी थांबवायची आणि त्याच जातीची दुसरी सुरू करायची, ॲनास्ट्रोझोल किंवा एक्सेमेस्टेन. अनेकींना बदललेली गोळी सोसते. तेही जमलं नाही तर टॅमॉक्सिफेन आहेच. न सांगता बंद करायची नाही, एवढंच आईंकडून कबूल करून घ्या. याच गोळीमुळे हाडं ठिसूळ होतात, म्हणून व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमसाठी रक्त तपासणं आणि हाडांचा डेक्सा स्कॅन करणं मात्र खरोखर उपयोगाचं. मार्करवर खर्च होणारे पैसे तिकडे वळवा.

दुसरी ओळ मावशींची. ती वाचल्यावर मी पत्र बाजूला ठेवून तुमच्या आईंच्या सगळ्या कागदांत एक गोष्ट शोधली, आणि ती सापडली नाही. रक्ताच्या इतक्या तपासण्या झाल्या, पण जी एक व्हायला हवी होती ती कुणी सुचवलेली दिसत नाही: बीआरसीए जनुकांची तपासणी.

एका बहिणीला स्तनाचा आणि दुसरीला चाळिशीत अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल, तर घराण्यात बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ मधला दोष असण्याची शंका घ्यायलाच हवी. हाही रक्ताचाच नमुना. पण तो कॅन्सरचे तुकडे शोधत नाही, जन्मापासून प्रत्येक पेशीत असलेलं जनुक वाचतो. म्हणून ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची आणि तिचं उत्तर बदलत नाही. दोष असलेल्या स्त्रीला ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते. अंडाशयाचा धोका बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४४ टक्के, बीआरसीए-२ मध्ये १७ टक्के. आईंमध्ये दोष निघाला तर अंडाशय काढून टाकण्याचा आणि दुसऱ्या स्तनाच्या काळजीचा निर्णय घ्यावा लागेल. आजार जास्त धोक्याचा असतो तेव्हा ओलापॅरिब नावाची गोळी वर्षभर देतात, २०२१ च्या अभ्यासानंतर ते रूढ झालं. आईंच्या काखेतल्या दोनच गाठींत आजार असल्याने त्या गोळीची त्यांना आज बहुधा गरज पडणार नाही. पण पुढे कधी वेळ आली तर हा रिपोर्ट हाताशी असेल.

आणि ताई, ही तपासणी तुमच्यासाठीही आहे. आईंमध्ये दोष असेल तर तो तुमच्यात येण्याची शक्यता निम्मी, पुण्याच्या भावातही तेवढीच. पुरुषातून तो पुढे त्याच्या मुलींकडे जातो, हे आपल्याकडे माहीत नसतं. पण क्रम पाळा: आधी आईंची करायची, तुमची नाही. त्यांच्यात दोष सापडला तरच तुमच्यात नेमका तोच शोधायचा. तो तुमच्यात नसेल तर तुमचा धोका बाकीच्या चारचौघींएवढा. असेल तर तुमच्या वयाप्रमाणे दरवर्षी एमआरआय, आणि मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान, अंडाशय काढण्याचा विचार. मावशी गेल्या त्या वयाच्या आधी. रिपोर्टवर कधीकधी ‘अर्थ निश्चित नसलेला बदल’ असा शेरा येतो. तो आला तर त्याच्या जोरावर काहीही कापायचं नाही, कुणीही सांगितलं तरी. म्हणून रक्त देण्याआधी जेनेटिक कौन्सेलिंग करणाऱ्या माणसाजवळ अर्धा तास बसा आणि घराण्याचा तीन पिढ्यांचा तक्ता काढा, वडिलांकडच्याही बाजूचा.

आता या महिन्यात करायचं ते. आईंना त्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन नीट तपासून घ्या: छाती, काख, मान, पोट. हाडं दाबून दुखतात का, दम लागतो का, वजन उतरलंय का, हे त्यांनी विचारावं; त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. सीबीसी, यकृताची तपासणी, बी-१२, व्हिटॅमिन डी करा. कॅप्सूल बंद, केसांची गोळी बंद. सहा आठवड्यांनी सीए १५-३ परत करा, तेही सांगलीतल्या जुन्याच लॅबमध्ये, म्हणजे २२ शी तुलना करता येईल. तेव्हा खाली आला तर हा विषय मिटला, पुन्हा ती तपासणी नको. तिथेही चढाच निघाला, किंवा मधल्या काळात काही त्रास सुरू झाला, तर मग स्कॅन करायचा आणि तेव्हा मी एक दिवसही थांबा म्हणणार नाही. एरवी पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवणं आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, एवढं पुरतं. दोन-तीन आठवडे न थांबणारं एकाच जागचं हाडाचं दुखणं, नवा खोकला किंवा दम, कावीळ, उलट्यांसह डोकेदुखी, व्रणाजवळ नवी गाठ, यांतलं काहीही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही.

आणि एक काम तुमच्याकडे. मावशींच्या घरी जा. त्यांच्या ऑपरेशनचे, बायोप्सीचे कागद कुठल्यातरी ट्रंकेत किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर असतील; अशा घरांतून लोक ते सहसा टाकत नाहीत. अंडाशयाचा कॅन्सर नेमका कोणत्या जातीचा होता हे त्यावर लिहिलेलं असेल. मावशींच्या मुली असतील तर त्यांच्याजवळ बसून त्यांनाही हे सगळं सांगा. कागद मिळाले की आईंच्या फाईलसोबत तेही घेऊन कौन्सेलिंगला जा.